अँटिगो गांवचे सद्गृहस्थ जॉन ब्रॅडली

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हें स्मरणपुस्तक सिद्ध करीत असतां एका जुन्या छायाचित्रानें आम्हांस विचारांत पाडलें. देवळाच्या पायाभरणीच्या दिवशीं काढलेलें तें चित्र आहे. पुढच्या रांगेंत कुदळ घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांचें नांव खालीं शाईनें लिहिलेलें असून इतकीं वर्षें तेंच सर्वांच्या तोंडीं आहे. छापण्यापूर्वीं आम्हीं तें चित्र एका वृद्ध बाईंस दाखविलें. त्या चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, हे ते नव्हेत. ते त्या वेळीं वाळूची गाडी घेऊन येत होते. चित्र निघालें तेव्हां ते वाटेवर होते." कुदळ धरणारे कोण, हें त्यांसही सांगतां येईना. आम्हीं खालचें नांव खोडलें. पण खोडतांना मनांत आलें, कीं वाळू वाहणाऱ्या त्या माणसाचें पुण्य आपण आतां कमी केलें, कीं वाढविलें?

या प्रश्नाचा विचार करीत असतां आम्हांस अमेरिकेंतील एका लहान गांवचे कॅथलिक व्यापारी व माजी सैनिक जॉन हेन्री ब्रॅडली यांचें चरित्र आठवलें. आपल्या धर्मग्रामाशीं त्यांचा कसलाही संबंध आला नाहीं. तथापि महोत्सवाच्या प्रसंगीं नांवें व चित्रें छापणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें असें तें चरित्र आहे. म्हणून तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन हें उत्तरेकडील थंड संस्थान. त्याच्या उत्तर भागांत लँगलेड परगण्याचें मुख्य ठिकाण अँटिगो हें गांव आहे. वस्ती आठ हजारांच्या आसपास. हिवाळा कडक व बर्फाचा. भोंवतालची जमीन बटाट्याच्या पिकास चांगली मानवते, व तेथील गाळमातीस गांवाचेंच नांव असून १९८३ सालीं विस्कॉन्सिननें तिला आपल्या संस्थानाची माती म्हणून मान दिला. या गांवीं ता. १० जुलै १९२३ रोजीं ब्रॅडली यांचा जन्म झाला. बालपण त्याच संस्थानांतील ॲपल्टन या गांवीं गेलें. १९४१ सालीं शाळेचें शिक्षण संपल्यावर त्यांनीं अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका गृहस्थांकडे दीड वर्ष उमेदवारी केली.

मुंबईकडे आपण ज्यास 'अंडरटेकर' म्हणतों तोच हा धंदा. परंतु तिकडे त्याचें स्वरूप अधिक विस्तृत आहे. पूर्वीं अमेरिकेच्या लहान गांवांतून हें काम बहुधा सुतार व लांकडी सामानाचे दुकानदार करीत, कारण शवपेटी तेच घडवीत. १८६१ ते १८६५ या काळांतील यादवी युद्धांत दूर पडलेल्या सैनिकांचे देह घरीं पोंचविण्याकरितां ते औषधांनीं टिकविण्याची रीत वाढली, आणि पुढें हा एक शिकून घेण्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला. मध्यरात्रीं हांक आली तरी उठून जावें, देह धुवून नीट करावा, कपडे घालावे, आप्तेष्टांस एकत्र बसून प्रार्थना करण्यास जागा द्यावी, धर्मगुरूंस व दफनभूमीच्या लोकांस कळवावें, आणि शेवटीं पेटी देवळांत व तेथून थडग्यापर्यंत पोंचवावी, हीं सारीं कामें त्यांत येतात. विशीच्या आंतच या तरुणानें मृत्यूजवळ सभ्यपणें वागावयास शिकून घेतलें होतें.

जानेवारी १९४३ मध्यें ते आरमारांत दाखल झाले. जमिनीवरची लढाई टळावी म्हणून वडिलांनींच आरमाराचा सल्ला दिला होता. परंतु देवाची योजना निराळी होती. आरमारानें त्यांस रुग्णसेवकाचें शिक्षण दिलें. आणि अमेरिकेच्या मरीन सैन्यास स्वतःचें वैद्यकीय पथक नसल्यामुळें आरमाराचे रुग्णसेवकच त्या सैन्याबरोबर पाठविले जातात. याप्रमाणें जमिनीवरची लढाई टाळावयास निघालेला मुलगा त्या महायुद्धांतील अतिशय भयंकर अशा एका रणभूमीवर जाऊन उभा राहिला.

ती रणभूमि म्हणजे इवो जिमा. टोकियोच्या दक्षिणेस सुमारें साडेसातशें मैलांवर असलेलें हें बेट अवघें आठ चौरस मैलांचें. वाळू काळी, ज्वालामुखीची. पाऊल घोट्यापर्यंत रुतावें अशी. दक्षिण टोंकास सुरिबाची नांवाचा डोंगर. जपानी सैन्यानें जमिनीखालीं भुयारें खणून तेथें ठाण मांडलें होतें. ता. १९ फेब्रुवारी १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य उतरलें व लढाई पांच आठवडे चालली. तींत अमेरिकेचे सुमारें ६,८०० लोक कामास आले. आणि सुमारें २१,००० जपानी सैनिकांपैकीं बहुतेक सर्व मेले. दोन्ही बाजूंच्या त्या आयांचें दुःख एकच होतें, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं विसरूं नये.

तिसऱ्या दिवशीं, ता. २१ रोजीं, सुरिबाचीच्या पायथ्याशीं एक मरीन शिपाई उघड्या जागीं जखमी होऊन पडला. तोफगोळे पडत होते आणि दोन बाजूंनीं मशीनगनांचा मारा चालू होता. एकवीस वर्षांचे ब्रॅडली धांवत त्याच्याजवळ गेले. जखमा पाहतांच प्लाझ्मा, म्हणजे रक्तांतील पातळ द्रव, तत्काळ दिल्यावांचून हा जगत नाहीं हें त्यांनीं ओळखलें. मदतीस येऊं पाहणाऱ्या सोबत्यांस त्यांनीं हातानें खुणावलें, कीं तुम्ही येऊं नका. एक बंदूक वाळूंत उभी रोवून तिला त्यांनीं प्लाझ्माची बाटली बांधली, आपल्या देहाचा आडोसा करून जखमा बांधल्या, आणि मग त्या माणसास तीस यार्ड ओढीत सुरक्षित जागीं नेलें. माणसें मारण्यासाठीं घडविलेल्या बंदुकीचा त्या घटकेस माणूस वांचविण्यासाठीं खुंटीसारखा उपयोग झाला. या कृत्याबद्दल त्यांस 'नेव्ही क्रॉस' हें फार मोठ्या मानाचें पदक मिळालें. त्या प्रसंगाचें छायाचित्र कोणीही काढलें नाहीं.

दोन दिवसांनंतर, ता. २३ रोजीं, चाळीस लोकांची एक तुकडी डोंगरावर चढली. ब्रॅडली तींत होते. माथ्यावर पाण्याच्या नळाचा एक तुकडा सांपडला, त्यास निशाण बांधून तें उभारलें गेलें. हें निशाण लहान होतें. म्हणून कांहीं तासांत तें काढून दूरवरून दिसेल असें मोठें निशाण त्या जागीं लाविलें. तें दुसरें निशाण सहा जण मिळून उभें करीत असतांना जो रोझेन्थाल या वृत्तछायाचित्रकारानें एक चित्र टिपलें. एका निमिषाचें तें चित्र. पण थोड्याच दिवसांत तें अमेरिकेच्या घरोघरीं पोंचलें, त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि त्याच सालच्या जुलैंत तें टपालाच्या तिकिटावरही आलें.

सरकारनें विचारलें, हे सहा जण कोण? त्यांपैकीं तिघे त्याच बेटावर पुढें मारले गेले होते. उरलेले तिघे म्हणून रेने गॅग्नन, आयरा हेज व जॉन ब्रॅडली यांचीं नांवें जाहीर झालीं. ता. १२ मार्च रोजीं ब्रॅडली यांच्या पायांत तोफगोळ्याचे तुकडे घुसले होते. त्या जखमा नीट भरण्यापूर्वींच त्यांस मायदेशीं बोलावून घेण्यांत आलें आणि युद्धकर्जाच्या प्रचारार्थ गांवोगांव फिरविण्यांत आलें. त्या सातव्या कर्जाचें उद्दिष्ट १४ अब्ज डॉलरांचें होतें. जमले २६ अब्जांहून अधिक. १९५४ सालीं वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथें त्या चित्रावरून ब्राँझचें भव्य स्मारक उभें राहिलें. त्यांतील एक बत्तीस फुटी पुतळा ब्रॅडली यांचा म्हणून घडविला होता, आणि अनावरणाच्या दिवशीं ते स्वतः तेथें हजर होते.

एवढी कीर्ति लाभलेल्या माणसानें पुढें काय केलें? १९४६ च्या मे महिन्यांत त्यांनीं बालपणींच्या मैत्रिणीशीं लग्न केलें आणि आपल्या जन्मगांवीं, अँटिगोस, बिऱ्हाड थाटलें. प्रेतकर्माचें रीतसर शिक्षण घेऊन ते त्याच धंद्यांत शिरले व कालांतरानें गांवांतील अंत्यविधिगृहाचे मालक झाले. आठ मुलें झालीं. गांवच्या संस्थांतून कामें केलीं, शेजाऱ्यांस हवें नको पाहिलें. निशाणाविषयीं मात्र त्यांनीं तोंड उघडलें नाहीं. समारंभांस जाणें कमी करीत करीत पुढें त्यांनीं तें बंदच केलें. वर्तमानपत्रकारांचे फोन आले म्हणजे "बाबा कॅनडांत मासे धरावयास गेले आहेत" असें सांगावयास त्यांनीं मुलांस शिकविलें होतें. असत्य बोलावें असें आम्ही धर्मगुरु या नात्यानें कधींच म्हणणार नाहीं. परंतु आजकाल मान मिळावा म्हणून लोक जें असत्य बोलतात तें ऐकल्यावर, मान टाळावा म्हणून बोललेल्या या असत्याकडे पाहून क्षणभर हंसूं येतें.

हंसूं येतें, पण त्यामागें रडणें होतें. लग्नानंतरचीं पहिलीं चार वर्षें ते झोपेंत रडत असत, असें त्यांच्या पत्नीनें पुढें सांगितलें. त्यांचा एक जिवलग मित्र त्या बेटावर शत्रूच्या हातीं सांपडून फार हाल होऊन मेला होता. आणि त्याचा देह सांपडला तेव्हां बोलावणें याच रुग्णसेवकास आलें होतें. ज्यानें तें पाहिलें त्यास बँडच्या गजरांत व टाळ्यांच्या कडकडाटांत काय सुख वाटणार? रणांत किती देह थडग्यावांचून, प्रार्थनेवांचून पडलेले त्यांनीं पाहिले होते! आणि घरीं आल्यावर पुढें कित्येक वर्षें त्यांनीं जो धंदा केला, त्यांत एकेका मृतास नांव होतें, धुतलेलें वस्त्र होतें, रडणारीं माणसें होतीं, आणि शेवटीं स्वतःची अशी चार हात जागा होती. त्यांनीं हा धंदा युद्धापूर्वींच पत्करला होता हें खरें. परंतु युद्धानंतर त्याचा अर्थ त्यांच्या मनांत किती खोल गेला असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

ता. ११ जानेवारी १९९४ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, ब्रॅडली वारले व अँटिगो येथील 'शांतीची राणी' या नांवाच्या दफनभूमींत त्यांस मूठमाती मिळाली. ज्यांनीं गांवास पोंचविलें त्यांस आतां गांवानें पोंचविलें. नंतर घरांतील जुनीं कागदपत्रें चाळतांना निशाणाच्या दिवसानंतर तीनच दिवसांनीं त्यांनीं आईबापांस पाठविलेलें पत्र मिळालें. निशाण उभारण्यांत आपलाही थोडासा हात होता, आणि तो आपल्या आयुष्यांतील सर्वांत आनंदाचा क्षण होता, अशा आशयाचा मजकूर त्यांत आहे. त्याहून आश्चर्य हें, कीं 'नेव्ही क्रॉस' मिळाल्याची हकीकत त्यांच्या मुलांस बापाच्या मृत्यूनंतरच कळली! पुढें पुत्र जेम्स ब्रॅडली यांनीं बापाचा व त्या सहा जणांचा इतिहास शोधून २००० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो लाखों लोकांनीं वाचला, व २००६ सालीं त्यावर चित्रपटही निघाला.

येथें हें चरित्र संपावें; परंतु तें संपत नाहीं. २०१४ सालीं दोन हौशी संशोधकांनीं त्या दिवशींचीं सारीं छायाचित्रें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं. रोझेन्थालच्या चित्रांतील ज्या मनुष्यास ब्रॅडली म्हणत, त्याच्या विजारीच्या खालच्या कडा, कमरपट्टा व त्यावर लटकणारें सामान हीं, त्याच दिवशींच्या दुसऱ्या चित्रांत स्पष्ट दिसणाऱ्या ब्रॅडलींच्या वेषाशीं जुळेनात. मरीन सैन्यानें चौकशी नेमली, आणि ता. २३ जून २०१६ रोजीं निकाल जाहीर केला, कीं जगप्रसिद्ध चित्रांत जॉन ब्रॅडली नाहींत. त्यांनीं उभारलें तें पहिलें, लहान निशाण. दुसऱ्या चित्रांत आहेत ते हॅरल्ड शुल्ट्झ नांवाचे गृहस्थ. युद्धानंतर हे शुल्ट्झ लॉस एंजेलिस येथें टपालखात्यांत नोकरी करून राहिले, व आपल्या हक्काच्या कीर्तीविषयीं जगापुढें एक अक्षरही न काढतां १९९५ सालीं वारले. पुढें २०१९ सालीं गॅग्नन यांचें नांवही काढून त्या जागीं हॅरल्ड केलर यांचें नांव आलें.

आणि ही कांहीं पहिली दुरुस्ती नव्हती. प्रारंभीं हार्लन ब्लॉक या मृत सैनिकाच्या जागीं हॅन्सन या दुसऱ्या मृत सैनिकाचें नांव लागलें होतें. आयरा हेज यांस तें ठाऊक होतें, पण गप्प राहण्याचा हुकूम होता. शेवटीं १९४६ सालीं हा गरीब पिमा इंडियन तरुण वाटेंत मिळतील त्या गाड्यांतून सुमारें तेराशें मैल प्रवास करून टेक्ससांत ब्लॉकच्या वडिलांकडे गेला आणि त्यांस सत्य सांगून आला. १९४७ सालीं सरकारनें ती चूक सुधारली.

कोणी विचारील, ब्रॅडली यांस ही चूक ठाऊक होती काय? दोन निशाणांमध्यें थोड्याच तासांचें अंतर होतें, भोंवतीं मरण होतें, आणि 'हे तुम्हीच' असें सांगणारे सरकारी अधिकारी होते. पुढें त्यांनीं जें मौन धरलें त्यांत नम्रता होती, दुःख होतें, कीं मनाची टोंचणीही होती, हा निवाडा हृदयें पारखणाऱ्या देवाकडे आहे. आपण एवढेंच म्हणूं शकतों, कीं पुत्रानेंही अखेर पुरावा मान्य केला. ज्या चित्रापायीं आपण ग्रंथ लिहिला त्यांत आपला बाप नाहीं, हें पुत्राच्या मुखानें कबूल होणें सोपें नव्हे. सत्याचा मान राखण्यांतही शौर्य लागतें.

आतां हिशेब पाहूं. चित्र गेलें. तिकीट गेलें. बत्तीस फुटांचा पुतळाही दुसऱ्याचा निघाला. मग उरलें काय? काळ्या वाळूंत उभी रोवलेली ती बंदूक उरली, आणि तिच्या छायेंत वांचविलेला एक जखमी शिपाई उरला. अँटिगोच्या बर्फांत अपरात्रीं दार ठोठावल्यावर उठून गेलेला माणूस उरला. कोणत्याही चौकशीमंडळास यांतील एक अक्षर खोडतां आलें नाहीं, कारण हीं कामें कीर्तीच्या वहींत कधीं चढलींच नव्हतीं.

आपल्या धर्मशिक्षणांत दयेचीं सात शारीरिक कृत्यें आपण पाठ करतों. पहिलीं सहा प्रभु येशूनें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलीं आहेत. सातवें, मृतांस मूठमाती देणें, हें ख्रिस्तसभेनें तोबीताच्या उदाहरणावरून त्यांस जोडलें. हा तोबीतही व्यवहारी मनुष्य होता, राजासाठीं मालाची खरेदी करणारा. निनवे नगरीच्या तटाबाहेर टाकलेले आपल्या बांधवांचे देह तो पुरीत असे. एकदां सणाचें ताट पुढें आलेलें सोडून तो उठला, रस्त्यांत पडलेला एक देह घरीं आणला, आणि सूर्यास्तानंतर त्यास माती दिली. शेजारी हंसले. परंतु स्वर्गांत त्याची नोंद झाली, व ती देवदूत राफाएलानें त्यास स्वतः येऊन सांगितली. अरिमथाईकर योसेफही असाच धनवान सद्गृहस्थ. त्यानें काय उपदेश केला हें शुभवर्तमानांत नाहीं, प्रभूचा देह मागून घेऊन आपल्या थडग्यांत ठेविला एवढेंच आहे, आणि तेवढें पुरें झालें.

मृतांची सेवा ही अशी एकच सेवा आहे, कीं जिची परतफेड घेणारा करूं शकत नाहीं. जिवंतास अन्न दिलें तर तो आभार तरी मानतो. म्हणून या सेवेंत शुद्ध दयेचा अंश अधिक असतो. ब्रॅडली यांस या कामाचे पैसे मिळत होते, तो त्यांचा व्यापार होता, हें आम्ही विसरलों नाहीं. पण व्यापार व दया हीं एका दुकानांत नांदूं शकत नाहींत, असें कोणत्याही धर्मशास्त्रानें म्हटलेलें नाहीं. आमच्या धर्मग्रामांत दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांनीं हें मनांत धरावें.

आतां शेवटीं त्या आमच्या चित्राकडे. कुदळ धरणाऱ्यांचें नांव आम्हीं या पुस्तकांत मोकळें सोडलें आहे. ज्यांस ठाऊक असेल त्यांनीं कळवावें, म्हणजे पुढील आवृत्तींत तें घालूं. आणि ज्यांचें नांव खोडलें त्यांचें नांव निराळ्या पानावर, वाळू वाहणाऱ्यांच्या यादींत घातलें आहे. ती यादी पूर्ण नाहीं. कोणतीच पूर्ण नसते. आपल्या देवळाच्या भिंतींत जी वाळू आहे तिच्या कणाकणाबरोबर कोणाचा तरी घाम मिसळला आहे, आणि तो कोणाचा हें देवास ठाऊक आहे. महोत्सवाच्या मिस्साबलींत ज्यांचीं नांवें आपण वाचूं त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं या. आणि नांवें संपल्यावर थोडा वेळ स्तब्ध राहून, ज्यांचीं वाचलीं गेलीं नाहींत त्यांच्यासाठींही करूं या. जॉन ब्रॅडली यांस, त्या बेटावर पडलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांस, आणि आपल्या सर्व दिवंगत बंधुभगिनींस परमेश्वर चिरशांति देवो, व त्याचा अक्षय प्रकाश त्यांजवर सदा राहो.